तारीख नसलेली बरणी

"म्याडम, बरणी कुठाय?"

तातोबांनी फ्रीजमध्ये डोकं घालूनच विचारलं. मी टेबलावर दुधाचे नमुने ओळीने लावत होते.

"कुठली बरणी?"

"खालच्या फळीवरची. तपकिरी झाकणाची. फडक्यात गुंडाळून ठेवलेली असती बगा."

"ती होय? ती काल रिकामी केली मी. आंबट वास मारत होती आणि वर तारीखही नव्हती. धुऊन, वाफेवर चांगली निर्जंतुक करून रॅकवर ठेवलीय. बघा कशी लखलखतेय."

तातोबा फ्रीजमधून बाहेर आले. त्यांनी दार हळूच लावलं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. तातोबा आमच्या प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने शिपाई. साडेपाच महिन्यांत मी त्यांना कामाच्या वेळेत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"म्याडम," ते म्हणाले, "मूळ विरजण व्हतं त्ये. सायबांचं. श्रीखंडाचं."

तो बुधवार होता. रविवारी गुढीपाडवा होता, आणि शनिवारी सहाशे किलो श्रीखंड गाड्यांवर चढायचं होतं.

या गोष्टीला आता अडतीस वर्षं झाली. कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठी आमची छोटी सहकारी डेअरी होती. तिथे मी, हेमलता चौगुले, वय वर्षं तेवीस, बी.एस्सी. होऊन सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर लागले होते. एकतीस मार्चला सहा महिने पुरे व्हायचे होते. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एका माणसाच्या अभिप्रायावर ठरणार होतं. कायम झाले नाही, तर वडिलांशी झालेल्या तहाप्रमाणे मी मुकाट्याने गावी परतायचं आणि इचलकरंजीच्या स्थळासमोर पोह्यांची बशी घेऊन जायचं. स्थळ वाईट नव्हतं म्हणे. पण मला दुधाचा नाद लागला होता. कॅनचं झाकण उघडल्या उघडल्या नुसत्या वासावरून कुठल्या गावचं दूध आहे ते मला कळायला लागलं होतं, आणि हे सोडून दुसरं काही करायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

तो एक माणूस म्हणजे आमचे गुणवत्ता अधिकारी हसबनीस साहेब.

त्यांची केबिन प्रयोगशाळेच्या वर, आठ पायऱ्या चढून, काचेच्या तावदानाआड होती. तिथून त्यांना आम्ही सगळे दिसायचो, आणि आम्हाला त्यांचं टक्कल. साहेब बोलत नसत. भांडण नाही, राग नाही, नुसतं बोलायचंच नाही. जे काही सांगायचं ते चिठ्ठीवर. तातोबा चिठ्ठी घेऊन आठ पायऱ्या उतरत आणि माझ्या टेबलावर ठेवत. "कु. चौगुले यांस, नमुना क्र. ४ पुन्हा तपासावा. हसबनीस." "कु. चौगुले यांस, खिडकी लावावी. हसबनीस." मी बसायचे ती खिडकी त्यांच्या केबिनपासून वीस फुटांवर होती.

रोज सकाळी सव्वासातला ते खाली यायचे, ते फक्त चव घ्यायला. दही, ताक, लोणी ओळीने मांडलेलं असायचं. साहेब एकेका वाटीतलं चमचाभर तोंडात घ्यायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि चमचा बशीत ठेवायचे. चमचा उताणा ठेवला तर माल पास. पालथा ठेवला तर नापास. एवढं झालं की परत आठ पायऱ्या वर.

या माणसाशी जमवून घ्यायचा मी काय काय प्रयत्न केला होता. रोज नमस्कार करून झाला. कामाव्यतिरिक्त दोन शब्द बोलून पाहिले, तर ते "हं" म्हणाले. संक्रांतीला घरचा तिळगूळ नेऊन दिला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि वर गेले. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तासाभराने तातोबा चिठ्ठी घेऊन आले. "कु. चौगुले यांस, तिळगूळ मिळाला. हसबनीस."

माझ्या खोलीवरच्या पत्र्याच्या डब्यात अशा एकशे बारा चिठ्ठ्या जमल्या होत्या. एकशे तेरावी सोमवारी आली. "कु. चौगुले यांस, मी तीन दिवस पुण्यास. पाडव्याच्या कामापूर्वी फ्रीज स्वच्छ करून घ्यावा. तारीख नसलेली कोणतीही वस्तू ठेवू नये. हसबनीस."

मला तर आनंदच झाला. काहीतरी करून दाखवायची संधी आयती चालून आली होती. मंगळवारी पदर खोचून मी फ्रीजमधली प्रत्येक वस्तू बाहेर काढली. तातोबा पुतणीच्या लग्नाला गेले होते, म्हणून सगळं एकटीने केलं. ती बरणी हातात आली तेव्हा मी थोडी थबकले, हे खरं आहे. नमुन्याच्या बरणीला इतकं स्वच्छ, घडी घातलेलं पांढरं फडकं कोण गुंडाळील? मॅनेजरांच्या खोलीत फोन होता, साहेब उतरले होते तिथला पुण्याचा नंबर भिंतीवर लिहिलेला होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण हसबनीस साहेबांना कुणी काही विचारत नसे. ती पद्धतच नव्हती. मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, बरणीवर तारीख नाही याची खात्री केली आणि आतलं सगळं मोरीत ओतलं.

"रोजच्या दह्याला पुडीतलं विरजण चालतंय," तातोबा स्टुलावरूनच सांगत होते. "पर दसऱ्याला आनि पाडव्याला श्रीखंड व्हतंय त्ये ह्या बरणीचं. चौदा वर्सं झाली. सायेब रोज साडेसहाला येत्यात, ते बरणीला ताजं दूध घालाया. त्येला पुढं नेणं म्हनत्यात. पुन्याला जायच्या दिवशीबी घालून गेलं. ती चव हाय म्हनून तर लोक म्हैनाभर आदी नावं लावत्यात."

मी सातला यायचे. साहेब आधी येऊन चिठ्ठ्या लिहीत असतील असं मला वाटायचं. आणि मी लागले होते ऑक्टोबरमध्ये, दसरा उलटल्यावर. श्रीखंडाचं काम मी पाहिलेलंच नव्हतं.

"आता काय करायचं, तातोबा?"

"सायेब उद्या सकाळी येणार." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्यांच्या घरला जावा. काकूंकडं असंल. म्हंजे, असू शकंल." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे नजर टाकली. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: "विरजण प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये. नेल्यास कारवाई होईल. गुणवत्ता अधिकारी."

दिवसभराचं काम संपवून मी डेअरीमागच्या कॉलनीत पोहोचले तेव्हा हसबनीसांच्या घरी देवापुढे दिवा लागला होता. दार उघडणाऱ्या काकू ठेंगण्या, हसऱ्या आणि साहेबांच्या वाटणीचंही बोलणाऱ्या निघाल्या.

"तू चौगुले ना? तिळगुळाची? ये, आत ये. अगं, तो तिळगूळ त्यांनी जपून घरी आणला आणि मला अर्धा दिला. फार छान झाला होता म्हणाले."

"साहेब म्हणाले?"

"हो. तुझ्याबद्दल सांगत असतात की. वासावरून गाव ओळखते म्हणाले, अशी माणसं शिकवून होत नाहीत म्हणाले."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. साहेब माझ्याबद्दल बरं बोलतात हे मला कळावं, आणि तेही मी त्यांची चौदा वर्षं मोरीत ओतून आल्यावर. काकूंनी मला आत नेलं, पाणी दिलं, आणि मी हुंदके देत सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मान वर केली, तर काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"म्हणजे आपण दोघी सारख्याच," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ते विरजण मुळात डेअरीचं नव्हेच. माझ्या आईचं. लग्नात मिरजेहून निघताना तिनं मला चिनी मातीच्या सटात घालून दिलं होतं. यांनी चौदा वर्षांपूर्वी त्यातलंच चमचाभर डेअरीत नेलं. दोन वर्षांपूर्वी मी लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेले, दीड महिना. हे मेसमध्ये जेवायचे. परत येऊन बघते तर सटावर हिरवी बुरशी. आईचं विरजण मी घालवलं."

"मग साहेबांना सांगायचं ना. डेअरीत होतंच की."

"कुठल्या तोंडानं सांगणार? आई जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. आणि भिंतीवर नियम यांनीच रंगवलेला. स्वतःच्या घरासाठी ते तो मोडतील होय?" काकूंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी अक्काताईकडून आणलं."

अक्काताई आमच्या पॅकिंग विभागातल्या सगळ्यांत जुन्या बाई. शिस्तीच्या. हाताखालच्या मुलींना गजरा घालून कामावर येऊ देत नसत.

"अक्काताईंकडं कुठून आलं?"

"तुमच्या प्रयोगशाळेतून, दुसरीकडून कुठून? दर दसऱ्याला डब्यात चमचाभर घालून नेते ती. आणि ती एकटी नाही बरं." काकू पुन्हा हसल्या. "ते आणलेलं विरजण मी लावते, दोन वर्षं. हे रोज जेवताना म्हणतात, तुझ्या आईच्या हाताची चव आहे. मी मान खाली घालून वाढते. तू यांना सांगायचं नाहीस हं. शपथ आहे."

मी शपथ घेतली. "मग आता थोडं द्याल, काकू?"

"आत्ता? दिवा लावला की गं. दिवेलागण झाल्यावर विरजण उंबऱ्याबाहेर जात नाही आमच्यात. सकाळी पूजा उरकून मीच घेऊन येते."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. जिवाणूंना घरात दिवा लागलाय की नाही ते कळत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण काकूंच्या तोंडाकडे पाहून मी ते शास्त्र गिळून टाकलं. म्हणजे साहेब येण्याआधी गुपचूप सगळं सावरून ठेवायचा माझा बेत बारगळला होता.

निघताना काकूंनी मला दारात थांबवलं. "हे बघ, चिठ्ठी लिहून ठेवू नकोस. चिठ्ठी दिलीस तर ते चिठ्ठीनंच उत्तर देतील. तोंडानं सांग."

गुरुवारी सकाळी सात वाजता साहेब पुण्याच्या गाडीवरून थेट डेअरीत आले. हातात बॅग होती. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि सरळ फ्रीज उघडला. खालच्या फळीकडे पाहत ते बराच वेळ वाकून उभे राहिले.

"साहेब, बरणी मी रिकामी केली," मी म्हणाले. "मंगळवारी. त्यात मूळ विरजण आहे हे मला माहीत नव्हतं. वाफेवर धुतली, त्यामुळे आत काहीही उरलेलं नाही."

साहेब वळले. मी पर्समध्ये एकशे तेरावी चिठ्ठी ठेवली होती. रात्री ठरवलं होतं की वेळ आलीच, तर ती त्यांच्या समोर धरायची. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि पर्स उघडावीशी वाटेना.

"माझी चिठ्ठी आहे तुमच्याकडे?" त्यांनीच विचारलं.

मी दिली. चार ओळींची चिठ्ठी, पण त्यांनी ती पुनःपुन्हा वाचली.

"बरणीवर तारीख नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, साहेब."

"मी घालायला हवी होती." त्यांनी चिठ्ठीची घडी केली. "पण तुम्हाला शंका आली असेल. फडकं होतं त्याला."

"आली होती."

"मग विचारलं का नाहीत?"

आता नोकरी जाणारच आहे, तर खरं बोलायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. "तुम्हाला कुणी काही विचारत नाही, साहेब."

"का?"

"तुम्ही बोलत नाही म्हणून."

कोपऱ्यात तातोबा फरशीकडे बघत उभे होते. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते गोंधळल्यासारखे दिसत होते. आपण बोलत नाही ही बातमी त्यांना नवीन असावी.

तेवढ्यात दारात अक्काताई आल्या. हातात कडीचा डबा होता. मागे गेटवरचे वॉचमन सनदी, त्यांच्या हातात लोणच्याची बाटली. त्यांच्यामागे टँकरचे ड्रायव्हर, बॉयलरवरचे मिस्त्री, पॅकिंगच्या तिघी. प्रत्येकाकडे काहीतरी झाकलेलं. काकूंनी रात्रीच निरोप दिला होता आणि तो कॉलनीभर फिरला होता. सगळे येऊन त्या लाल अक्षरांच्या भिंतीखाली ओळीने उभे राहिले.

"सायेब," अक्काताई म्हणाल्या, "विरजन आनलंया. आमच्या घरचं. म्हंजे हितलंच."

साहेबांनी ओळीवरून नजर फिरवली. मग भिंतीवरचा मजकूर पहिल्यांदाच वाचल्यासारखा वाचला. तातोबा हळूच पुढे झाले, कपाटामागून एक झाकणाची वाटी काढली आणि मान खाली घालून टेबलावर ठेवली.

"तातोबा, तुम्हीसुद्धा?"

"नातवंडांस्नी दुसरं दही गोड लागत न्हाई, सायेब."

एकूण आठ वाट्या झाल्या. साहेबांनी बाही वर केली, चमच्यांचा डबा ओढला. एक चमचा घेतला. मग जरा थांबून दुसरा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"तुम्हीही घ्या," ते म्हणाले.

सनदींच्या बाटलीपासून सुरुवात झाली. साहेबांनी डोळे मिटले, चमचा पालथा ठेवला. आणि मग, मी त्या प्रयोगशाळेत कधी ऐकलं नव्हतं असं, ते बोलायला लागले. "यात ताक घालून वाढवलंय."

"पावनं आलं हुतं, सायेब," सनदी म्हणाले.

दुसरी वाटी ड्रायव्हरची. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं. "म्हशीचं दूध आहे. आणि धुराचा वास आहे थोडा. शेणीच्या."

"हं," साहेब म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते पुढे म्हणाले, "बरोबर."

मिस्त्रींच्या घरी दही ॲल्युमिनियमच्या भांड्यात लावतात हे त्यांनी ओळखलं. पॅकिंगच्या एका मुलीच्या सासूबाई दुधात पाणी घालतात हे मी ओळखलं, आणि ती मुलगी इतकी खूश झाली की घरी जाऊन सांगायची परवानगी मागू लागली. एक विरजण आठ घरांत जाऊन आठ तऱ्हांचं झालं होतं. चमचे पालथे पडत होते, पण ओळीतली भीती गेली होती. लोक एकमेकांच्या वाट्यांत डोकावायला लागले होते.

अक्काताईंचं दही चाखल्यावर मात्र साहेबांनी डोळे बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा ते अक्काताईंकडे पाहत राहिले.

"चुलीजवळ ठेवता तुम्ही," ते म्हणाले.

"व्हय, सायेब. जागाच तेवढी हाय."

चमचा पालथा. ती आठवी वाटी होती. नऊ वाजत आले होते. आणि काकू आणणार होत्या तेही अक्काताईंचंच होतं, आणि ते तर आत्ताच नापास झालं होतं.

काकू आल्या. नऊवारी नेसून, कपाळाला ताजं कुंकू, हातात केळीच्या पानाने झाकलेली वाटी.

"तू कशी इथं?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं विरजण गेलं असं कळलं. म्हटलं, घरचं न्यावं." आवाज धीट होता, पण नजर वाटीवरच होती.

साहेबांनी चमचा भरला. डोळे मिटले. मी छताकडे पाहत होते. अक्काताईंनी पदर तोंडात धरला होता. साहेबांनी डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं आणि चमचा बशीत ठेवला. उताणा.

"हेच," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या हाताची चव."

काकू लगेच वळल्या आणि निघून गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली.

"चौगुले, दूध कोमट करा," साहेब म्हणाले. माझ्या नावानिशी, तोंडाने, चिठ्ठीशिवाय.

पुढचे दोन दिवस साहेब वर गेलेच नाहीत. वाटीचं भांडं झालं, भांड्याची टाकी झाली, शुक्रवारी पांढऱ्या कापडांत चक्का टांगला, शनिवारी पहाटे वेलदोड्याच्या वासाने सगळी डेअरी भरून गेली. साहेब मला सारखं काहीतरी दाखवत होते, मी सारखं काहीतरी विचारत होते. चक्का किती वेळ टांगायचा, हात लावून कसं ओळखायचं, साखर कधी घालायची. मी विचारलं की ते आधी चकित व्हायचे आणि मग सविस्तर सांगायचे. चौदा वर्षांचं साठलेलं होतं ते. शेवटच्या गाडीवर शेवटचा डबा चढला तेव्हा तातोबा म्हणाले, "सायेब, घसा बसलाय तुमचा." खरंच बसला होता. अख्ख्या डेअरीला हसू आवरेना.

पण अभिप्राय अजून बाकी होता. एकतीस मार्चला दुपारी तातोबा चिठ्ठी घेऊन आले. "कु. चौगुले यांस, वर यावे. हसबनीस." पुन्हा चिठ्ठीच आली होती. तोवर मी त्या आठ पायऱ्या एकदाही चढले नव्हते.

टेबलावर दोन वाट्यांत दही होतं आणि शेजारी दोन चमचे.

"हे अक्काताईंचं. हे माझ्या डब्यातलं," साहेब म्हणाले. "चाखा आणि काय कळतं ते सांगा."

मी चाखलं. अक्काताईंचं आंबट होतं, डब्यातलं सौम्य होतं. पण दोन्हींच्या मागे अक्काताईंच्या चुलीजवळची तीच चव होती, शेवटी जिभेवर राहणारी, थोडी लोण्यासारखी. डब्यातलं अक्काताईंच्याच घरून आलं होतं, हे मलाच काय, इचलकरंजीच्या स्थळालाही कळलं असतं.

"वेगवेगळं आहे, साहेब," मी म्हणाले.

"बरणीबद्दल तुम्ही खरं बोललात. आता का नाही?"

माझ्या नोकरीचा कागद त्यांच्या कोपराखाली दिसत होता. मी दोन्ही वाट्यांकडे पाहिलं.

"शपथ घातलीय, साहेब."

हसबनीस साहेब हसले. आवाज न करता, पण खांदे हलेपर्यंत. त्यांचे पुढचे दोन दात किंचित पुढे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"पहिल्याच घासाला कळलं होतं मला," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून रोज कळतं."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? आईचं विरजण गेलं, ही गोष्ट तिनं माझ्यापासून लपवली. ती मला कळलीय, हे मी तिच्यापासून लपवलं. आणि लबाडी कुठं आहे त्यात? मी घरून इथं आणलं, अक्काताईंनी इथून नेलं, हिनं त्यांच्याकडून घेतलं. तिच्या आईचंच आहे ते. फिरून घरी आलं." त्यांनी डब्यातल्या दह्याची वाटी जवळ ओढली. "मी घरी सांगितलं असतं की डेअरीतून आणतो चमचाभर, तर तिला दोन वर्षं मान खाली घालावी लागली नसती. पण मला बोलायला सुचत नाही वेळेवर. तुम्ही म्हणालात तेव्हा ते नीट कळलं."

मी चमचा बशीत ठेवला. उताणाच ठेवला.

साहेबांनी खालच्या खणातून ती तपकिरी झाकणाची बरणी काढली. भरलेली, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. फडक्यावर कोरी चिठ्ठी चिकटवली होती. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं.

"तारीख घाला."

"आजची?"

"आजची. आणि उद्यापासून साडेसहाला येत जा. मी आता पन्नाशी ओलांडली. हे पुढं न्यायला कुणीतरी लागेल."

मी तारीख घातली. घाईत एकतीसमधला एक वाकडा आला. "साहेब, म्हणजे मी कायम झाले?"

"झालात." त्यांनी कोपराखालचा कागद मला दिला. "घरी हिला सांगू नका. मला माहीत आहे ते."

"काकूंनी सांगितलंय, साहेबांना सांगू नकोस."

"मग झालंच," साहेब म्हणाले.

त्या आठवड्यात भिंतीवरचा लाल मजकूर चुन्याखाली गेला. इचलकरंजीच्या स्थळाला वडिलांनी नकार कळवला आणि त्याचं पुढे चांगलं झालं. पुढची आठ वर्षं, साहेब निवृत्त होईपर्यंत, रोज सकाळी साडेसहाला आम्ही दोघे बरणीशी उभे राहून दोन चमच्यांनी चव घेत असू, आणि साहेब बोलत असत. एकशे चौदावी चिठ्ठी शेवटची ठरली.

दर पाडव्याला मी त्यांच्याकडे जेवायला जायचे. श्रीखंड असायचंच, पण शेवटच्या भाताला काकू दही वाढायच्या. साहेब पहिला घास घेऊन म्हणायचे, "तुझ्या आईच्या हाताची चव आहे." काकू मान खाली घालायच्या. आणि मग दोघेही, एकमेकांची नजर चुकवून, माझ्याकडे बघायचे.

मी वाटी पुढे करायचे आणि म्हणायचे, "काकू, अजून वाढा."